रिमोट दाबला तरी गाडीचा अलार्म बंद होत नाही, तेव्हा काय पाहायचं



आजचा मेसेज पिकाचा नाही, गाडीचा आहे. थोडा लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर स्टार करून ठेवा, पण रात्रपाळीला वावरात जायच्या आधी एकदा वाचाच.

मागच्या आठवड्यात कासोद्याकडच्या आपल्या एका सभासदाचं असं झालं. रात्री दोनला लाइट आली, गव्हाला पाणी लावायला गेले. बारे बदलून परत बांधावर आले तर गाडी कोकलायला लागली. रिमोट दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. चावी फिरवली तर अजून जोरात. शेवटी चिडून सीट काढली आणि सायरनच्या हाती लागतील त्या वायरी ओढल्या. आवाज थांबला, पण गाडीही कायमची थांबली. चार किलोमीटर पायी घरी आले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पाहिलं तर फ्यूज उडालेला, चावीकडून येणारी वायर तुटलेली आणि मूळ दुखणं काय, तर रिमोटातला सेल संपलेला. सेलला जेवढे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट वायरिंगला गेले.

पैशाचं सोडा. त्या रात्री पायाला काही चावलं असतं तर? रात्रीच्या वावरात आपली अँब्युलन्स म्हणजे आपलीच फटफटी असते. म्हणून हा विषय घेतला.

*आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा*

बाजारातून बसवलेल्या अलार्मचे भाग मोजके असतात. हातात रिमोट. सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरआड एक काळा डबा, त्यातच बहुतेक वेळा हादरा ओळखणारा सेन्सर. डब्याला जोडलेला सायरन. आणि या सगळ्याला जेवण गाडीच्या बॅटरीचं. त्यामुळे अलार्म ऐकत नसेल तर प्रश्न एवढाच असतो: रिमोट मुका झालाय, डबा बहिरा झालाय, की बॅटरी उपाशी आहे? हे ठरेपर्यंत एकाही वायरीला हात लावू नका.

ओळखायचं कसं? रिमोट दाबताना दोन ठिकाणी बघा. एक, रिमोटवरचा बारीक लाल किंवा निळा दिवा लागतो का. दोन, गाडीचे इंडिकेटर डोळा मिचकावतात का. रिमोटचा दिवा लागतच नाही किंवा मंद लुकलुकतो, तर रिमोट. रिमोटचा दिवा चांगला लागतो पण गाडी ढिम्म, तर डबा किंवा बॅटरी. इंडिकेटर मिचकावतात, सायरन "टुकटुक" करतो आणि तरी गाडी चालू होत नाही, तर अलार्म बंद झालेला आहे, दुखणं दुसरीकडे आहे. त्याचं पुढे सांगतो.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. निम्म्या वेळा बिघाड काहीच नसतो, आपली घाई असते. बऱ्याच अलार्ममध्ये सायरन वाजत असताना रिमोट पहिल्यांदा दाबला की फक्त आवाज थांबतो, अलार्म चालूच राहतो. पूर्ण बंद व्हायला दुसऱ्यांदा दाबावं लागतं. आपण पहिल्यांदा दाबतो, आवाज थांबला म्हणून हँडल धरून गाडी हलवतो, सेन्सरला हादरा बसतो आणि पुन्हा सुरू. आपल्याला वाटतं, ऐकतच नाही. तसंच काही अलार्म बंद केल्यावर थोड्या वेळात चावी फिरवली नाही तर आपोआप पुन्हा लागतात. रिमोट दाबून फवारणीचा पंप बांधेपर्यंत तो परत पहाऱ्यावर उभा असतो.

म्हणून पहिलं काम: चावी बंद करा, गाडीपासून हात काढा, सायरनची फेरी संपू द्या. मग गाडीला न हलवता एकदा दाबा, इंडिकेटर पाहा, लागलीच दुसऱ्यांदा दाबा, आणि मग चावी. एवढ्यावर भागलं तर पुढचं सगळं फावल्या वेळात वाचा.

*रिमोट मुका*

सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. सेल एकदम मरत नाही, हळूहळू अशक्त होतो. आधी गाडी ओट्यावरून ऐकायची, मग अंगणातून, मग अगदी टाकीजवळ रिमोट नेल्यावर. हे अंतर कमी होत चाललं की समजा सेलचे दिवस भरले. आपण मात्र तो पूर्ण बंद पडेपर्यंत चालवतो, आणि तो बंद पडतो नेमका रात्री दोनला. थंडीत अशक्त सेल अजूनच मान टाकतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वावरात गार पडलेला रिमोट ऐकत नसेल तर सेल काढा, हाताच्या मुठीत दोन-तीन मिनिटं घट्ट धरून गरम करा, सुती कपड्याने दोन्ही बाजू कोरड्या पुसा, परत बसवा आणि डब्याच्या अगदी जवळ रिमोट नेऊन दाबा. एक-दोन वेळेपुरता जीव येतो. तेवढ्यात गाडी चालू करून घरी या. हा इलाज नाही, ढकलगाडी आहे.

नवा सेल घेताना जुना सोबत न्या. सगळे सेल सारखे नसतात. चपट्या बटणासारख्यांमध्ये सीआर२०३२ आणि सीआर२०१६ हे दोन जास्त दिसतात. दोन्ही ३ व्होल्टचे, रुंदीला सारखे, पण पहिला ३.२ मिलिमीटर जाड आणि दुसरा त्याच्या निम्मा. काही रिमोटांत सीआर२०१६ चे दोन सेल एकावर एक असतात, म्हणजे ६ व्होल्ट. तिथे दुकानदाराने "जाडीला तेवढाच आहे" म्हणून एकच सीआर२०३२ बसवून दिला तर नवा सेल असूनही रिमोट मुकाच राहणार. दुसरा प्रकार बोटाच्या पेरासारखा छोटा गोल सेल, १२ व्होल्टचा. त्यातही २३ए जाड आणि २७ए बारीक. २३ए च्या जागी २७ए टाकला तर आत खुळखुळतो, खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: ३ व्होल्टचा सेल २.७ च्या खाली आणि १२ व्होल्टचा १० च्या खाली गेला असेल तर बदला, वाट पाहू नका.

सेल नवा, दिवा चांगला, तरी ऐकत नाही? मग रिमोट उघडून आत बघा. पाण्याचा, घामाचा, खताचा हिरवट थर पत्र्याच्या टोकांवर चढतो. युरियाच्या हाताने रिमोट खिशात घालणारे आपण सगळेच. कोरड्या ब्रशने साफ करा. बटणाखालचा रबर दबून बसला असेल तर बटण कायम दाबलेलंच राहतं, अशा रिमोटात नवा सेल दोन दिवसात संपतो.

अजून एक कारण घरात लहान मुलं असतील तर लक्षात घ्या. काही चांगल्या अलार्ममध्ये रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो, म्हणजे कोणी कोड पकडून ठेवला तरी त्याला उपयोग नाही. पण मग रिमोट आणि डबा यांनी बरोबर मोजत राहावं लागतं. कीलॉक नावाच्या पद्धतीत डबा साधारण १६ पावलं पुढचा कोड एका दाबण्यात मान्य करतो. पोराने घरात बसून खेळणं म्हणून पन्नास वेळा दाबला, गाडी तिकडे खळ्यात, तर रिमोट पुढे निघून जातो आणि डबा मागे राहतो. तेव्हा गाडीजवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबा, बहुतेक वेळा दोघांचा मेळ परत बसतो.

पोरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चपटा सेल लहान मुलाने गिळला तर तो पोटाचा साधा प्रश्न नाही. अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. उलटी करवायची नाही, केळं खाऊ घालून "निघून जाईल" म्हणायचं नाही, थेट दवाखाना. १०८ ला फोन करा. जुने सेल खिडकीत, देवळीत ठेवू नका.

*बॅटरी उपाशी*

हे कारण आपल्याकडे वाढत चाललंय आणि त्यामागे साधा हिशोब आहे. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ३ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असते. अलार्म चोवीस तास जागा असतो, गाडी उभी असली तरी तो थोडं थोडं खात राहतो. समजा तो १० मिलिअँपिअर खातो. दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास झाले. म्हणजे चांगली भरलेली बॅटरीसुद्धा बारा-तेरा दिवसांत साफ. जुनी असेल तर आठवड्यातच. लग्नसराईत पंधरा दिवस पुण्या-सुरतेला जाऊन आलात आणि गाडी मेली, तर गाडीला दोष देऊ नका. आणि आपल्या उन्हाळ्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते, ते वेगळंच.

बॅटरी कमी झाली की अलार्म वेड्यासारखं वागतो. अर्धवट आवाज काढतो, सेल्फ मारला की पुन्हा लागतो, रिमोट कधी ऐकतो कधी नाही. चावी फिरवून हॉर्न दाबून बघा. हॉर्न बसक्या आवाजाचा आणि इंडिकेटर मंद असेल तर रिमोटच्या मागे लागू नका. मल्टिमीटरवर गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. गाडी चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर चार्जिंगचं काम आहे, नवी बॅटरी टाकून पैसे वाया जातील.

"किक मारू" म्हणाल. जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्या बॅटरी मेली तरी किकवर चालू व्हायच्या. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. पेट्रोलचा पंप आणि त्याचा मेंदू दोघांना बॅटरी लागते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर घाम निघेपर्यंत किक मारूनही उपयोग होत नाही. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून आधार देता येतो, पण ट्रॅक्टर बंद ठेवून, लाल टोक लालला, काळं काळ्याला, नीट बघून. उलट लागलं तर अलार्मसकट गाडीचा मेंदूही जातो. अंधारात, एकटे असताना हा प्रयोग नको.

*डबा बहिरा*

मोटारीच्या पाइपाने गाडी धुताना सीटखाली फवारा गेला, पावसात गाडी उघड्यावर राहिली, उंदराने वायरी कुरतडल्या. कपाशीच्या घरात उंदीर नाही असं घर दाखवा. डब्यात पाणी गेलं असेल तर उन्हात तापवत ठेवू नका, कनेक्टर काढून सावलीत दिवसभर वाळू द्या. प्रत्येक अलार्मला एक बारीक वायर बाहेर लोंबत असते, ती अँटेना. काही जण ती फालतू समजून कापतात किंवा चेसिसला गुंडाळून टेप मारतात. मग रिमोट हातभर अंतरावरूनच चालतो. ती मोकळी, लोखंडापासून लांब ठेवायची.

ठरावीक जागीच गाडी ऐकत नसेल, जसं पद्मालयला चतुर्थीच्या गर्दीत किंवा एखाद्या दुकानासमोर, तर हवेत अडथळा आहे. हे रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. शेजारच्या कोणाचं बटण खिशात दाबून राहिलं असेल तर आपल्या रिमोटचा आवाज त्या गोंगाटात हरवतो. गाडी ढकलत पन्नास-शंभर फूट पुढे न्या आणि दाबा.

बॅटरी बदलल्यानंतर कधीकधी डबा रिमोटची ओळख विसरतो. ओळख परत करून द्यावी लागते. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, कुठे डब्यावरचं बटण, कुठे चावी ठरावीक वेळा फिरवणं. ते अलार्मसोबत आलेल्या कागदावर असतं, जो कागद आपण खोक्यासकट फेकलेला असतो. असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

*अलार्म गप्प, पण गाडी चालू होत नाही*

इथे रिमोट बिचारा निर्दोष असतो. आधी उजव्या हाताचं लाल बटण बघा, मिस्त्रीकडेही लोक ते बंद ठेवून गाडी ढकलत नेतात. न्यूट्रल बघा. साइड स्टँड बघा, नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही. मग फ्यूज. हे सगळं ठीक असेल तर अलार्मने इंजिन तोडायला बसवलेला रिले अडकला असण्याची शक्यता आहे. त्याला बाजूला काढून गाडी चालवता येते, पण कुठली वायर कुठे जोडायची ते या मेसेजमध्ये मुद्दाम लिहीत नाही. हा मेसेज पुढे फिरणार, कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तुमच्या मिस्त्रीला तुमच्या गाडीवर, दिवसा, एकदा दाखवायला लावा.

*रात्र आहे, मिस्त्री नाही, सायरन थांबत नाही*

वरचं सगळं करून झालं, तर मग हे. चावी बंद. उजेडाला मोबाइल किंवा टॉर्च, काडी किंवा लायटर अजिबात नाही, हात पेट्रोलच्या टाकीजवळ आहेत. बॅटरीवरचं कव्हर काढा. आधी काळं टोक, म्हणजे वजा, सोडा. लालला आधी हात घातला आणि पाना चेसिसला लागला तर ठिणगी उडते. दोन मिनिटं थांबा. परत जोडा आणि जोडल्या जोडल्या लगेच रिमोट दोनदा दाबा. काही डबे वीज परत आल्यावर आधीच्याच अवस्थेत जागे होतात, काही शांत होतात. काळं टोक काढूनही सायरन ओरडतच असेल तर त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी आहे. अशा सायरनला बाजूला बारीक चावीचं कुलूप असतं, ती चावी घरात कुठेतरी पडलेली असते. ती शोधून घरच्या जुडग्यात लावून ठेवा, गाडीच्या चावीच्या जुडग्यात नको.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा. सिगारेटची चांदी, तांब्याची तार घालून "सध्या चालू दे" करू नका. तार फ्यूजसारखी वितळत नाही, मग वायरिंग पेटते, आणि वर टाकी आहे.

तरीही जमलं नाही तर गाडी तिथेच राहू द्या. हँडल लॉक करा, साखळी असेल तर झाडाला लावा, घरी फोन करा. कोणाला काही चावलं असेल किंवा फवारणीची बाधा वाटत असेल तर गाडीशी झटापट एक मिनिटही करू नका, १०८ ला आणि शेजारच्या वावरवाल्याला फोन करा. आपल्याकडे महामार्गापर्यंत कोणाचं तरी ट्रॅक्टर आणून सोडू शकतं. जळगाव तीसेक किलोमीटरवर आहे, तेवढ्या वेळात सायरन दुरुस्त होत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने "हा अलार्मच काढून टाकू" म्हटलं तर काढा, हरकत नाही. पण मग त्या दिवसापासून हँडल लॉक आणि डिस्कचं किंवा साखळीचं कुलूप लावायचं, चावी गाडीला ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणायचं नाही. गाडी चोरीला गेली तर लगेच ११२ आणि पोलिस ठाणे. विमा कंपनी क्लेमच्या वेळी बहुधा दोन्ही चाव्या मागते, दुसरी चावी कुठे आहे ते आजच पाहून ठेवा. नव्या गाडीला अलार्म बसवायचा असेल तर आधी शोरूमला विचारा, बाहेर वायरिंग कापल्यावर इलेक्ट्रिकची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

आज संध्याकाळचं काम एवढंच: रिमोट उघडून सेलवरचा नंबर बघा, तसाच एक नवा आणून घरी ठेवा. दुसरा रिमोट असेल तर घरच्या माणसाकडे द्या. फ्यूज कुठे आहे ते दिवसाउजेडी बघून घ्या.

कोणाचा अलार्म आत्ता अडलेला असेल तर रिमोट आणि डब्याचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका, डब्याच्या स्टिकरवर कधीकधी पिन नंबर असतो. कापूस घेऊन कार्यालयात येताय तर गाडीही दाखवा, मल्टिमीटर इथे ठेवलेला आहे, मोजून देऊ.

– कंपनी कार्यालय, एरंडोल